धुरापासून रसायन : पण वीज कुठली?

कार्बन डायऑक्साइड म्हणजे टाकाऊ वायू, असं आपण धरून चालतो. पण जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बायकार्बोनेटच्या द्रावणात हा वायू सोडून वीज दिली. चांदीच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड मिळाला, तांब्यावर मात्र चक्क मिथेन! पुढे तांब्यावरच इथिलीनही मिळालं. पॉलिथिन त्यापासूनच बनतं.

मग प्रदूषणाचा प्रश्न सुटला का? माझ्या मते, एवढ्यानं नाही. हा रेणू फार स्थिर असतो. तो बदलायला भरपूर वीज लागते. ती कोळसा जाळून आणली, तर वापरला त्याहून जास्त वायू हवेत जाईल. म्हणजे आगीतून फुफाट्यात! म्हणून अशी बातमी वाचली, की आधी विचारा : वीज कुठून आली?