न उतरण्याचें धैर्य

पूर्वीं कोंकणांतून येणाऱ्या आगबोटीस उशीर झाला म्हणजे मंडळी धक्क्यावर ताटकळत बसत. आतां गिरगांवांतील आणि दादरमधील घरोघरीं परदेशाहून येणाऱ्या मुलानातवंडांच्या विमानाची वाट पाहणें चालू असतें. पावसाळ्यांत कधीं असें होतें कीं, विमान जमिनीच्या अगदीं जवळ येतें आणि न उतरतांच पुन्हां वर जातें. घरीं ही हकीकत निघाली कीं ‘वैमानिक नवखा असेल’ असा शेरा कोणीतरी मारतोच. तो शेरा किती अन्यायाचा आहे, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

विमानास आधार असतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा. उतरतांना मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशीं सुमारें २५० किलोमीटर असतो. वारा समोरून असेल तर पंखांना हवा तितकीच मिळून जमिनीवरील वेग कमी होतो, आणि विमान लवकर थांबतें. म्हणूनच नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सांताक्रूझच्या मुख्य धांवपट्टीवर विमानें बहुधा घाटकोपर-कुर्ल्याकडून, पश्चिमेस तोंड करून उतरतात. परंतु हाच वारा झोतांनीं वाहूं लागला कीं त्याचा भरंवसा राहत नाहीं. झोत आला कीं विमान उचललें जातें. तो एकाएकीं ओसरला कीं खालीं बसूं लागतें. त्यांतच इमारतींना व टेकड्यांना अडखळून वारा भोंवरे घेतो. चर्नी रोड स्टेशनाबाहेर ज्याची छत्री उलटी झाली आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. अशा दिवशीं वैमानिक नेहमींपेक्षां थोडा अधिक वेग राखून येतो. अडीअडचणीसाठीं गृहस्थ चार पैसे बाजूस ठेवतो, तसाच हा प्रकार.

वारा बाजूनें असेल तर युक्ति वेगळी. खाडी ओलांडणारा नावाडी समोरचा धक्का गांठण्यासाठीं नावेचें तोंड प्रवाहाच्या उलट बाजूस धरतो. वैमानिकही विमानाचें नाक वाऱ्याकडे वळवून तिरपा येतो, आणि चाकें टेंकण्याच्या सुमारास शेपटीच्या सुकाणूनें तें धांवपट्टीशीं सरळ करतो. ओल्या पट्टीवर चाकें जरा ठासूनच टेंकवावीं लागतात. तो धक्का अनाडीपणाचा नव्हे. अलगद उतरण्याच्या नादांत विमान तरंगत राहिलें, तर पुढची पट्टी वायां जाते.

या विद्येचा एक नियम सर्वांहून महत्त्वाचा. ढगाळ हवेंत जमिनीपासून साधारणतः १००० फुटांवर विमानाची दिशा, वेग आणि उतार हीं स्थिर झालेलीं असलीं पाहिजेत. तीं तशीं नसतील, तर इंजिनांचा जोर वाढवून वर जावें आणि पुन्हां यावें, अथवा दुसरें गांव गांठावें. १३ मे २०२४ रोजीं मुंबईवर धुळीचें वादळ आलें आणि घाटकोपरास प्रचंड जाहिरातफलक कोसळून १७ जण मृत्युमुखीं पडले. त्या दिवशीं विमानतळावरील ये-जा कांहीं काळ थांबवून १५ विमानें अन्यत्र वळविण्यांत आलीं. प्रवाशांचा खोळंबा झाला खरा. पण विमानें सुखरूप राहिलीं.

उलट उदाहरण मन विषण्ण करणारें आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजीं दुबईहून १९० जणांना घेऊन एअर इंडिया एक्स्प्रेसचें विमान केरळांतील कोझिकोड येथें आलें. तेथील धांवपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. कप्तान दीपक साठे हे नागपूरच्या घराण्यांतले, वायुदलांत विंग कमांडर राहिलेले, मोठ्या अनुभवाचे वैमानिक. पाऊस कोसळत होता. पहिल्या खेपेस ते न उतरतां वर गेले. दुसऱ्या खेपेस उलट दिशेनें, पाठीवर वारा घेऊन आले. सुमारें २७०० मीटरांची पट्टी निम्मी सरत आल्यावर चाकें टेंकलीं. विमान पट्टी ओलांडून खालीं कोसळलें. दोघां वैमानिकांसह २१ जण दगावले. सरकारी चौकशीच्या अहवालानें नमूद केलें आहे कीं, विमान स्थिर नव्हतें आणि सहवैमानिकानें वर जाण्याविषयीं सांगितलें होतें. व्यवस्थेंतील उणिवाही त्या अहवालानें दाखविल्या. गेलेल्यांस दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. इतक्या जाणत्या पुरुषासही जमीन डोळ्यांपुढें आली असतां माघार घेणें किती कठीण जातें, एवढेंच यावरून ध्यानीं घ्यावें. आणि वडीलधाऱ्यांनीं धाकट्याचा इशारा वेळेवर ऐकावा, ही गोष्ट विमानाइतकीच आपल्या घरांनाही लागू आहे.

आपल्याकडील विमानविद्येचा आरंभही निसर्गाशीं हट्ट न धरण्यांतूनच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. पण पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. मग तेवढे महिने टपालाचें विमान पुण्यास उतरे. त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं.

तेव्हां पुढच्या खेपेस विमान पुन्हां वर गेल्याचें कानीं आलें, तर कपाळास आंठ्या घालूं नयेत. आंत बसलेल्यांनीं पट्टा आंवळून स्वस्थ बसावें, आणि घरच्यांनीं दर दोन मिनिटांनीं फोन करण्याचा मोह आवरावा. ताटें थोडीं उशिरां मांडावीं लागतील. पण आमटी पुन्हां गरम करतां येते.