पुस्तकावरचे पहारेकरी

दिवाळीचा फराळ आटोपला, की आमच्या घराघरांतून एक विलाप ठरलेला असतो : 'हल्लीची मुले वाचीत नाहीत हो!' विलाप करणाऱ्या सद्गृहस्थांच्या हाती त्या वेळी मोबाइल असतो, आणि न उघडलेल्या दिवाळी अंकावर चकलीची बशी विसावलेली असते.

मुले वाचीत नाहीत, हे खरे. पण त्यांना वाचू दिले कोणी? सहावीतला मुलगा पुस्तक घेऊन खिडकीशी बसला रे बसला, की आई विचारते, 'गृहपाठ झाला का?' वडील विचारतात, 'परीक्षेला आहे का हे?' आणि आजोबा शेवटचा घाव घालतात, 'बरं, यातून बोध काय घेतलास?' तीन पहारेकऱ्यांच्या मध्ये बसून कोण वाचील?

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी माझा दोष कबूल करतो. वर्गाच्या पेटीतून पुस्तक घरी नेणाऱ्याने त्याचा सारांश लिहून आणावा, असा नियम मी एकदा केला. वह्या भरल्या, माझे कौतुकही झाले. आठवड्याला दोन पुस्तके नेणारी एक मुलगी मात्र पेटीकडे फिरकेनाशी झाली. कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, 'सर, वाचायला आवडतं. पण मग लिहावं लागतं.' नियम मी त्याच दिवशी मोडला. तिला परत यायला मात्र वर्ष लागले.

साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. आम्ही ती मुलांना संस्काराचे औषध म्हणून चमच्याने मोजून पाजतो. पण गुरुजींनी तिच्यातल्या प्रकरणांना 'धडे' म्हटले नाही, 'रात्री' म्हटले! आश्रमात रात्री श्याम आठवणी सांगतो, मित्र ऐकतात. शेवटी कोणी प्रश्नपत्रिका वाटीत नाही.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस आमच्या शाळांतून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. उत्तम आहे. पण बाकीच्या दिवसांचे काय? ते घराच्या हाती आहेत.

तेव्हा मायबापहो, काचेच्या कपाटाचे कुलूप काढा. भुताची, क्रिकेटची, विनोदाची, हवी ती पुस्तके मुलांना निवडू द्या. अर्धवट टाकू द्या. एकच दहा वेळा वाचू द्या. 'मग वळण कसे लागणार?' असे विचाराल. अहो, आवडीने पुष्कळ वाचणाऱ्यालाच पुढे निवडता येते. आपण निवडलेली चार सक्तीने गिळणाऱ्याला पुस्तकांचाच वीट येतो! रात्री जेवणानंतर तुम्हीही काहीतरी वाचीत बसा, आणि मुलाला काहीही विचारू नका. गोष्ट आवडली, तर ती सांगायला तोच तुमच्या मागे लागेल.

आता ती चकलीची बशी उचला. हा अंक मुलाच्या हाताला लागेल असा ठेवा, आणि कृपा करून तिथून निघून जा.