यात तू कुठे आहेस?

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आमच्या वन्सं आल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले, बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, “अहो, जपानचे फोटो दाखवा की!” मी आतून पाकीट आणले. शेकडो फोटोंतून बावीस निवडून ते कागदावर छापून घेतले होते. वन्संनी पत्ते वाटावेत तसे ते भराभर पाहिले, शेवटचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “डोंगर छान आहे गं वहिनी. पण यात तू कुठे आहेस?”

बाकीच्या हसल्या. मीही हसले. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीशी वाद घालू नये एवढी रीत मला कळते. पण दिवाळी अंकाला तसे काही बंधन नाही. तेव्हा वन्संना जे त्या दिवशी बोलले नाही ते आज बोलते. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांना हे बोलणे लागेल. लागू द्या. चकली खाता खाता थोडे तिखट चालते.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. “फुजी, उंची ३,७७६ मीटर, ज्वालामुखी, शेवटचा उद्रेक १७०७,” हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिले आहे की खडूलाही ते पाठ झाले असेल. लहानपणी आमच्या ओटीवर एक जुने कॅलेंडर होते. त्यावर पांढऱ्या टोपीचा तो डोंगर आणि खाली निळे तळे. साल उलटले तरी वडिलांनी ते काढले नाही. खालची तारखांची पाने फाडून टाकली आणि वरचे चित्र तेवढे ठेवले. निवृत्त झाल्यावर ते चित्र आपल्या हाताने घ्यावे असे मनात आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये मी नऊ दिवस एकटी जाऊन आले. एवढाच माझा अपराध.

त्यावर घरात जो गहजब झाला, त्याचे तीन भाग होते. एकटी? थंडीत? आणि फोटोसाठी?

थंडीचे उत्तर सोपे आहे, कारण ते भूगोलाचे आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, पश्चिम किनाऱ्यावर बर्फ ओततात, आणि मधले डोंगर ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत कोरडे ठणठणीत होतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत फुजीच्या बाजूचे आकाश धुतल्यासारखे असते. उन्हाळ्यात जाणारे कितीतरी प्रवासी त्याच्या पायथ्याशी राहून, त्याला ढगात सोडून परत येतात. तेव्हा थंडीत जाणे हा वेडेपणा नव्हे. सुट्टी मेमध्ये पडते म्हणून डोंगरानेही मेमध्ये हजर राहावे, ही अपेक्षाच वेडेपणाची आहे. धाकधूक मला वेगळीच होती. २०२४ साली फुजीवरचे पहिले बर्फ कोफूच्या हवामान केंद्राला दिसायला ७ नोव्हेंबर उजाडला होता. १८९४ पासूनच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. कॅलेंडरवरची टोपी मला मिळते की नाही, याचा घोर मला लागला होता. मिळाली.

“एकटी डोंगरावर जाणार!” असे चिरंजीव म्हणत होते, तेही सांगून टाकते. मी डोंगरावर गेलेच नाही. फुजीच्या वाटा जुलै ते सप्टेंबरचा आरंभ एवढ्याच काळात खुल्या असतात. एरवी वरचा उतार म्हणजे काचेसारखे बर्फ, आणि तेथे घसरलेला माणूस थांबत नाही. मी परतल्यावर तीन महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, बंद वाटेने वर गेलेल्या एका विद्यार्थ्याला हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. चार दिवसांनी तो पुन्हा वर गेला आणि त्याला पुन्हा उतरवावे लागले. तो का गेला, तर पहिल्या वेळी वर राहिलेला मोबाइल आणायला. या मुलाची आठवण ठेवा. मोबाइलचा विषय पुढे यायचा आहे. मी साठीतली बाई, तळ्याच्या काठी स्टुलावर बसले होते. माझ्यापासून डोंगर चांगला एकोणीस-वीस किलोमीटर लांब होता.

ते तळे मोतोसू. फुजीच्या उत्तरेला पाच तळी आहेत. मोतोसू त्यांतले सर्वांत खोल, सुमारे १२१ मीटर, आणि म्हणूनच ऐन हिवाळ्यातही सहसा न गोठणारे. इसवी सन ८६४ च्या उद्रेकात लाव्हा एका मोठ्या तळ्यात उतरला आणि त्याचे तुकडे झाले. आज मोतोसू, शोजी आणि साई ही तीन तळी निराळी दिसतात, परंतु त्यांच्या पाण्याची पातळी बरोबरीने चढते आणि उतरते. नकाशात घर वेगळे, आत पाणी एक! वर्गात हे सांगताना मी नेहमी वाटण्या झालेल्या भावांचा दाखला देत असे.

कोयो ओकादा या छायाचित्रकाराने १९३५ साली याच तळ्याच्या वरच्या खिंडीतून फुजीचे छायाचित्र घेतले. त्यावरून १९८४ च्या पाच हजार येनच्या नोटेवरचे आणि पुढे २००४ च्या एक हजार येनच्या नोटेवरचे चित्र केले गेले. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा निघाल्या आणि हजाराच्या नोटेवर होकुसाईची लाट आली. जुनी नोटही चालते. काठावर येणारे लोक ती जुनी नोट हातात धरून समोरच्या डोंगराशी जुळवून पाहतात. मीही धरली. जुळते की नाही हे तपासण्याचा मोह भूगोलाच्या बाईला आवरता येत नाही.

तीन दिवस मी त्या काठावर होते. पहिल्या दिवशी वारा. तळ्यावर लाटा, डोंगर लख्ख, पण पाण्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी डोंगराने ढगाची टोपी घातली. तिला तेथे ‘कासागुमो’ म्हणतात, आणि हवा बिघडणार याची ती खूण मानतात, ती बिघडलीच. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली. कॅमेऱ्याची बॅटरी गारठ्याने मान टाकते, म्हणून दोन बॅटऱ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसले होते, कोंबडी अंडी धरून बसते तशी. पाणी स्थिर होते. आणि तरी फोटो मिळाला नाही! का, ते बसल्या जागी कळले. जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, आणि या काठावरून फुजीही आग्नेयेलाच. सूर्य त्याच्या पाठीमागे, म्हणून त्याची आपल्याकडची बाजू काळीशार. तीस वर्षे दिशा शिकवल्या, आणि हे घरी नकाशा उघडून पाहायचे सुचले नाही.

उजेड माझ्या बाजूला यायला संध्याकाळ हवी होती. मी थांबले. थर्मासमधला चहा संपला, खोलीवर जाऊन भरून आणला. दुपारी वारा सुटला आणि साडेतीनला पडला. साडेचारच्या सुमारास माझ्या पाठीमागच्या डोंगरांची सावली तळ्यावर पसरली; पाणी राखी झाले, काठ राखी झाला, माझी बोटे राखी झाली, आणि पलीकडे केवळ तो एकटा उन्हात उभा होता. आधी पिवळा, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा. बर्फावर चढणाऱ्या या रंगाला ते ‘बेनी-फुजी’ म्हणतात. पाण्यात तोच रंग, उलटा, किंचित मळका. सात-आठ मिनिटे. मी चौदा फोटो घेतले, आणि मग कॅमेरा सोडून नुसती पाहत बसले, कारण पंधरावा घेताना लक्षात आले की मी पाहतच नाही आहे.

आता सांगा, ह्यांना बरोबर नेले असते तर? माणूस लाखातला आहे. पण ह्यांना थंडी सोसत नाही आणि मला ह्यांची घाई सोसत नाही. पहिल्या दिवशी वारा पाहून हे म्हणाले असते, “झाला ना बघून? चला.” कुटुंबाच्या सहलीत जो सर्वांत लवकर कंटाळतो, त्याच्या वेगाने सगळे चालतात. महाबळेश्वरला आपण दिवसात आठ पॉइंट ‘करतो’, ते त्याच वेगाने. ज्या खोलीत मी राहिले तेथील बाईंनी मला पहिल्या दिवशी फक्त “एकट्याच?” असे विचारले आणि एक ताट मांडले. जपानी भाषेत एकट्या गिऱ्हाइकाला आदराने हाक मारायला ‘ओहितोरीसामा’ हा शब्दच आहे. आपल्याकडे एकटी बाई म्हटले की शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांत आदर एकाही शब्दात नाही.

परतताना कावागुची तळ्याच्या गावी एक रात्र राहिले, आणि वन्संचा प्रश्न तेथे मला रस्त्यावर भेटला. त्या गावात चोवीस तास उघडे असणारे एक दुकान आहे. त्याच्या छपरामागून फुजी असा उभा राहतो की दुकानावर ठेवल्यासारखा दिसतो. त्या एका फोटोसाठी समोरच्या पदपथावर जगभरची माणसे जमू लागली. वाहनांत शिरून रस्ता ओलांडू लागली, कचरा टाकू लागली, तेथल्या दंतवैद्याच्या छपरावरही चढू लागली. शेवटी मे २०२४ मध्ये गावाने तेथे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी बांधली. थोड्याच दिवसांत जाळीला कॅमेऱ्याची भिंगे मावतील अशी भोके पडलेली सापडली. वादळाच्या भीतीने ऑगस्टमध्ये जाळी काढली, ती पुन्हा लावली नाही. मी गेले तेव्हा माणसे होतीच. एकेक जण डोंगराकडे पाठ करून उभा राहत होता, हसत होता, मोबाइलात स्वतःला पाहत होता आणि बाजूला होत होता. डोंगराकडे पाहणारा मला त्या दहा मिनिटांत एकही दिसला नाही.

जाळी लावली तेव्हा गावाने सौंदर्याचा अपमान केला असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मी म्हणते, अपमान आधीच झाला होता. त्याच गावात शंभर जागांवरून फुजी फुकट दिसतो. या लोकांना डोंगर नको होता. जुन्या फोटो स्टुडिओत ताजमहालाचा रंगवलेला पडदा असे ना, तसा पडदा त्यांना हवा होता. गावाने त्याच्यापुढे दुसरा पडदा ओढला, इतकेच.

“माणसावाचून चित्र निर्जीव वाटते,” असे एक शहाणे गृहस्थ मला म्हणाले. त्यांनी होकुसाईची फुजीची छत्तीस दृश्ये पाहावीत. नावाला छत्तीस, चित्रे आहेत शेहेचाळीस, कारण लोकांना आवडली म्हणून पुढे दहा वाढवली. पुष्कळ चित्रांत माणसे आहेत. कुणी पिंप तासतो आहे, आणि त्या बिनबुडाच्या पिंपातून दूर इवलासा फुजी दिसतो. कुणी भला मोठा ओंडका करवतीने कापतो आहे. पण आपल्याकडे तोंड करून “मी इथे आलो होतो” असे सांगणारा त्यांत कुणी नाही. सगळे आपापल्या कामात आहेत. त्याच मालिकेत कावागुचीचे एक चित्र आहे. वर डोंगर उन्हाळ्यातला, बर्फ नसलेला, आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब मात्र बर्फाने झाकलेले! ज्याला अशी दृष्टी आहे त्याला चित्रात स्वतः उभे राहायची गरज काय?

दुसरा साक्षीदार याहून खट्याळ. ओसामु दाझाई हा कथाकार १९३८ च्या शरदात मिसाका खिंडीतल्या चहाच्या दुकानात मुक्कामाला होता. त्यावर त्याने लिहिलेले ‘फुजीची शंभर दृश्ये’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोक्योहून आलेल्या दोन मुली फुजीसमोर उभ्या राहून त्याला त्यांचा फोटो काढायला सांगतात. तो कॅमेरा घेतो, दोघींना चौकटीबाहेर काढतो आणि फक्त फुजी टिपतो. हे वाचले तेव्हा मला त्या मुलींचे वाईट वाटले. खरेच वाटले. त्यांनी विश्वासाने कॅमेरा दिला होता. माझे म्हणणे एवढे नाही की कुणी कुणाचा फोटो काढू नये.

माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते वन्संनाच आहे. आमच्या घरात पस्तीस वर्षांचे अकरा आल्बम आहेत. मुंजी, बारशी, गणपती, गोव्याची सहल, वन्संच्या मुलीचे लग्न. त्या लग्नात पंगतींचे नऊ फोटो आहेत. वन्सं, त्यांत मी कुठे आहे? मी वाढत होते. वेरूळच्या फोटोंत मी कुठे आहे? कॅमेरा माझ्या हातात होता, कारण “वहिनीचा हात हलत नाही.” अकरा आल्बमांत माझे फोटो मी मोजले, सत्तावीस भरले, आणि त्यांतले सहा पाठमोरे. पस्तीस वर्षांत एकदाही कुणी आल्बम मिटवून म्हणाले नाही, “अगं, यात तू कुठे आहेस?” आणि आता, जेव्हा पहिल्यांदा मी माझ्या मर्जीने, माझ्या निवृत्तीच्या पैशांतून, कुणालाही न वाढता तीन दिवस एका जागी बसून आले, तेव्हा मी कुठे आहे म्हणून चौकशी!

हेही कबूल करते, की हा एकांत मी विकत घेतला होता. गरम खोली होती, वेळेवर सुटणारी बस होती, खिशात परतीचे तिकीट होते. चिरंजीवांच्या समाधानासाठी रोज रात्री एक निरोप धाडत होते. धाडस वगैरे मी काही केले नाही, आणि माझे फोटो ओकादांच्या फोटोच्या पासंगालाही पुरणार नाहीत. बाजारात याहून चांगले फुकट मिळतात. पण त्या डाळिंबी डोंगराच्या फोटोत पाणी जिथे संपते, तिथून दोन हातांवर माझे स्टूल होते. तो फोटो त्याच एका जागेवरून, त्याच सात-आठ मिनिटांत निघू शकतो. मी कुठे होते हे याहून नेमके कसे सांगू?

पुढच्या जानेवारीत शोजी तळ्यावर जायचा विचार आहे. वन्संनी परवा फोन करून तो डाळिंबी फोटो मागितला. त्यांच्या दिवाणखान्यात लावणार म्हणतात. देईन. आणि हे चहा पिता पिता सहज म्हणाले, “मीही येऊ का?” मी म्हटले, या, पण सहा तास एका जागी बसावे लागेल आणि “चला” म्हणायचे नाही. अजून उत्तर आलेले नाही.