बायोप्सीऐवजी लेझर? बातमीत किती तथ्य आहे

"तुकडा न काढता लेझरने पेशी दिसतात म्हणे. मग बायोप्सी थांबवू या का?" रुग्णाच्या नातेवाइकांचा हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत चीनच्या अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांच्या त्वचेतील पेशी 'टू-फोटॉन' सूक्ष्मदर्शकाने पाहिल्याची बातमी आली. ती खरी आहे. पण त्वचा ही बाहेरची गोष्ट. आतडे किंवा फुप्फुस पाहायचे तर प्रकाश शरीरात न्यावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

१९९० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेल्या या तंत्रात प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी एका रेणूवर आदळावे लागतात. हा योग दुर्मीळ. म्हणून लेझरचा प्रकाश साधारण १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात दाबून भरतात. एवढ्या वेळात प्रकाश केसाच्या जाडीइतकेही अंतर कापत नाही! फायदा असा की पेशींतले काही रेणू स्वतःच चमकतात, रंगद्रव्य टोचावे लागत नाही.

हा स्पंद काचेच्या ऑप्टिकल फायबरमध्ये सोडला की बिघडतो. त्यात अनेक रंगछटा असतात आणि काचेत प्रत्येकीचा वेग वेगळा. दिंडी एकत्र निघते, पण काही वारकरी पुढे जातात, काही मागे रेंगाळतात, तसेच. एक मीटर फायबरमध्ये स्पंद सुमारे दहापट लांबतो आणि चित्र फिके पडते. स्पंद आधीच उलट दिशेने ताणून ही चूक बरीच भरून काढता येते. मात्र इतका तीव्र प्रकाश काचेचे गुणधर्मही क्षणभर बदलतो, त्यावर हा उपाय पुरत नाही. त्यासाठी पोकळ गाभ्याचे फायबर आले, ज्यात प्रकाश काचेतून नव्हे, हवेतून जातो. अशाच फायबरच्या मदतीने २०१७ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २.१५ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या डोक्यावर बसवला.

उंदरापासून रुग्णापर्यंतचे अंतर मोठे आहे. एका वेळी दिसणारा भाग मिलिमीटरहूनही लहान, खोली त्याहून कमी. शिवाय माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. बायोप्सी फक्त "कर्करोग आहे की नाही" एवढेच सांगत नाही. स्तनाच्या गाठीच्या तुकड्यावर ईआर, पीआर, हर-२ या तपासण्या होतात आणि औषधे त्यावरच ठरतात. चित्रावरून ते कळत नाही. त्यामुळे या बातमीच्या भरवशावर सांगितलेली बायोप्सी पुढे ढकलू नका.

काही रुग्णालयांत दुर्बिणीतून 'लेझर एंडोमायक्रोस्कोपी' होते, ती तपासणी वेगळी. त्यात साधा लेझर वापरतात, बहुधा शिरेतून फ्लुरोसीन देतात. तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे ठरवायलाही तिचा उपयोग होतो.