नोंद नाही, की सापडत नाही?

मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल इतके गुण पडले. पण जात पडताळणीसाठी आजोबांचा जुना कागद हवा होता. सिल्लोडला हमाली करणारे तिचे वडील तीन दिवसांची मजुरी बुडवून एका कचेरीत गेले. तिथे संगणकावर नाव टाकले आणि सांगितले, 'रेकॉर्ड नाही.' उतरल्या चेहऱ्याने ते आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो, "दादा, नोंद नसणे वेगळे आणि नोंद न सापडणे वेगळे." हा फरक प्रत्येक घरात कळावा म्हणून आज हे लिहीत आहोत.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्या वाडवडिलांचे अनेक कागद उर्दूत, काही मोडीत आहेत. असे कागद आता स्कॅन होऊन संगणकात जातात. पण शोधताना संगणक सहसा तो कागद वाचत नाही. कोणीतरी कागद पाहून नाव, गाव, जात, वर्ष अशी यादी टाइप केलेली असते. शोध होतो तो या यादीत.

यादीला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. १९७४ मध्ये आयबीएम कंपनीच्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी ती मांडली. तिचे मुख्य शब्द तीन. 'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवायचे, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या यादीतून आणि 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. सगळी गोम या अटीत आहे.

नाव बरोबर 'कचरू' अशी अट घातली, तर 'कचरु' येत नाही आणि 'कचऱ्या'ही येत नाही. संगणकाच्या लेखी ही तीन माणसे. त्यासाठी 'लाइक' हा शब्द आहे. 'लाइक' लिहून पुढे 'कच' आणि टक्क्याची खूण दिली, की 'कच'ने सुरू होणारी सगळी नावे येतात. मग गावाची अट 'अँड'ने जोडून यादी लहान करायची.

जातीच्या रकान्यात तर आपला इतिहासच आहे. आजोबांपुढे 'महार', १९५६ च्या धर्मांतरानंतर वडिलांपुढे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध'. एकच शब्द टाकला तर घराण्याचे अर्धे कागद बाहेर राहतात. इथे तिन्ही शब्द 'ऑर'ने जोडायचे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या कागदांवर औरंगाबादच आहे. जुन्या नोंदीत आडनाव नसून नुसते 'वल्द' अमुक असेही असते. म्हणून आडनावाची अट आधी काढून टाकावी.

आणखी एक मेख. वर्षाचा रकाना कोराच राहिला असेल, तर '१९५१ च्या आधीचे' या अटीत ती नोंद येत नाही. 'नंतरचे' विचारले तरी येत नाही. कोऱ्या रकान्यासाठी 'इज नल' अशी वेगळी अट घालावी लागते.

आम्ही त्या बांधवांसोबत पुन्हा कचेरीत गेलो. ऑपरेटर तरुण होता, मनाने चांगला. त्याला रोज एकच खिडकी भरायची सवय. त्याच्याशेजारी बसून आम्ही अट बदलून घेतली. सतरा नावे आली. नवव्या ओळीत 'कचऱ्या', गाव तेच, बापाचे नाव तेच, वर्ष कोरे. मूळ रजिस्टर काढायला लावले. त्यात वर्ष स्वच्छ लिहिलेले होते. टाइप करणाऱ्याकडून तेवढेच सुटले होते.

तेव्हा कचेरीत जाताना आजोबांच्या नावाची सगळी रूपे, गावाचे जुने नाव आणि घरातल्या सर्वांच्या शाळेच्या दाखल्यांवरील जात एका कागदावर लिहून न्या. संगणकात नाही सापडले तर मूळ रजिस्टर पाहण्यासाठी लेखी अर्ज करा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात सरकारी अभिलेखाची पाहणी करण्याचा हक्क आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आणि बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींनी एसक्यूएलची तोंडओळख करून घ्यावी. वस्तीत असा एक जण असला, तर कोणाची तीन दिवसांची मजुरी बुडणार नाही.