चिंगी आणि राहिलेले गड

पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे ते जोडपे गेली पंचवीस वर्षे रविवारी कधी घरी सापडले नाही. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका. शनिवारी रात्री दशम्या आणि लसणीची चटणी बांधून ठेवायची आणि पहाटे पाचला घर सोडायचे, हा नेम. राजगड, तोरणा, लोहगड, तिकोना हे तर अंगणच. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा तिलाही झोळीत घालून सिंहगडावर नेले होते. नातेवाइकांत रविवारी लग्न निघाले, की ही दोघे चिखलाच्या बुटांसकट शेवटच्या पंगतीला हजर होतात, हे आता सगळ्यांना पाठ झाले होते.

गेल्या वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. त्याच उन्हाळ्यात पार्किंगमधल्या भटक्या कुत्रीला पाच पिल्ले झाली. दोन महिन्यांची होईपर्यंत ती आईजवळच राहिली आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांतले एक तिसऱ्या मजल्यावर आले. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि अंगापेक्षा आवाज मोठा. बाईंनी तिचे नाव ठेवले चिंगी. घरात मुलीचे नाव दिवसातून दहा वेळा निघायचे, तिथे चिंगीचे वीस वेळा निघू लागले. त्याबद्दल मुलीने फोनवर रीतसर तक्रारही नोंदवली.

पहिल्या लशीच्या वेळीच जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले. पिल्लाला जन्मल्याबरोबर आईच्या चिकातून रोगांपासून संरक्षण मिळते. ते काही आठवडेच टिकते. पण नेमके कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. ते संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ते संपल्यावर पिल्लू उघडे पडते. म्हणून तर एका लशीवर भागत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत त्या द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर जिथे अनोळखी कुत्री येतात-जातात, अशा जागी पिल्लाला जमिनीवर सोडायचे नाही.

"म्हणजे अख्खा पावसाळा?" त्यांनी विचारले.

"एक पावसाळा," डॉक्टर म्हणाले.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मित्रमंडळी तोरण्याला जाऊन आली, धुक्यातले फोटो दाखवून गेली. त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. त्यातच गिर्यारोहणाच्या एका जुन्या पुस्तकात त्यांना चिंगेल भेटली. ही आल्प्समधली कुत्री. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन आल्मर या वाटाड्याने १८६५ मध्ये ती लहान असतानाच तिच्यासह चिंगेल नावाची खिंड ओलांडली, म्हणून तिचे हे नाव. १८६८ मध्ये त्याने ती कूलिज या तरुण गिर्यारोहकाला दिली. कूलिज आणि त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट यांच्याबरोबर ती शिखरामागून शिखरे चढली आणि १८७५ मध्ये चार हजार आठशे मीटरहून उंच असलेल्या माँट ब्लाँवरही जाऊन आली. नावातला हा योगायोग त्यांना फारच भावला.

"बघ, चिंगेल माँट ब्लाँ चढते, आणि आपली चिंगी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत येऊ नये?"

"अहो, त्या बाईसाहेब दहा वर्षांच्या होत्या. आपली दहा आठवड्यांची आहे!"

पण पुढच्या रविवारी बाई माहेरी एका बारशाला गेल्या आणि यांनी चिंगीला शबनममध्ये घालून, वरून टॉवेल पांघरून स्कूटरला किक मारली. आतकरवाडीला उतरले. गडावर चढले नाहीत, तेवढा विवेक शाबूत होता. पाऊस भुरभुरत होता. चिंगीने आयुष्यात पहिल्यांदा गवत पाहिले, डबके पाहिले, बेडूक पाहिला. चहाच्या टपरीशी दोन कुत्री होती, त्यांना हुंगले. अर्ध्या तासात परत निघाले. घरी तिचे पाय पुसले आणि बाईंना काही सांगितले नाही.

शुक्रवारी चिंगी जेवली नाही. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्ताची परसाकड. तो वास एकदा घरात शिरला की विसरता येत नाही. सकाळी डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले: पार्वो.

हा रोग तसा जुना नाही. १९७८ च्या सुमारास तो पुढे आला आणि बघता बघता जगभर पसरला. त्याचा विषाणू चिवट. जमिनीत कित्येक महिने तग धरतो, साध्या साबणाने मरत नाही. तो आतड्यांवर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्याच्यावर नेमके औषध नाही. सलाईन, उलटी थांबवण्याची आणि दुसरा संसर्ग रोखणारी औषधे देऊन पिल्लाला धरून ठेवायचे, लढायचे त्याचे त्यालाच. वेळेवर उपचार मिळाले तर बरीचशी पिल्ले वाचतात. उशीर झाला, तर तास मोजावे लागतात.

त्यांनी तिथेच, डॉक्टरांच्या टेबलाशी, रविवारची गोष्ट बायकोला सांगितली. बाई काही बोलल्या नाहीत. डॉक्टरच म्हणाले, "तिथेच लागण झाली असं नाही म्हणता येणार. तुमच्या पार्किंगमध्येही असेल. बुटाच्या तळव्यालाही चिकटून येतो हा." ते सांत्वन होते की आणखी एक आरोप, हे त्यांना कळेना. बुटांचा नाद घरात कुणाला होता?

चार दिवस सलाईन चालले. दिवसभर दवाखाना, रात्री घरी. पुढच्या पायाला सुई तशीच बांधलेली. तिने ती ओढू नये म्हणून एकाने जागायचे. पहिल्या दोन रात्री बाई जागल्या आणि त्यांना झोपायला सांगितले. ते झोपले नाहीत, स्वयंपाकघरात बसून राहिले. तिसऱ्या रात्री बाई म्हणाल्या, "या इकडे. तिला तुमचा हात कळतो." भांडण एवढ्यावर मिटले की मिटले नाही, ते त्या दोघांनाच ठाऊक. पाचव्या दिवशी चिंगीने पातळ भाताची पेज चाटली.

पार्किंगमधली दोन पिल्ले मात्र त्याच आठवड्यात गेली. त्यांना वेळेवर कुणी पाहिलेच नव्हते. रोज सकाळी दोघेही त्यांच्याजवळून जात होती. पण आपले एक वर आणले, की खालच्या चौघांचे काय, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. नंतर त्यांनी सोसायटीत वर्गणी काढली, उरलेल्या दोघांना आणि त्यांच्या आईला लशी दिल्या, आईची नसबंदी करून घेतली. वर्गणीला सगळ्यांत जास्त कुरकुर करणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनीच पुढे त्यांतले एक पिल्लू घरी नेले.

चिंगीला आणखी काही आठवडे घरातच ठेवावे लागले, कारण बरे झालेले पिल्लूही काही काळ रोग पसरवू शकते. ब्लीचच्या पातळ पाण्याने फरशा पुसून पुसून बाईंच्या हाताची सालपटे निघाली. राहिलेल्या लशी सप्टेंबरमध्ये पुऱ्या झाल्या. त्या पावसाळ्यात दोघांनी एकही गड पाहिला नाही.

दसऱ्यानंतर वेताळ टेकडी सुरू झाली, साखळी लावून. तिथल्या मोरांच्या मागे चिंगी धावली असती, तर टेकडीवरच्या नेहमीच्या मंडळींनी तिघांनाही खाली हाकलले असते, आणि ते योग्यच होते. डॉक्टरांनी सांगितले होते, की एक वर्षापर्यंत हाडांची वाढ चालू असते. उड्या आणि लांबच्या चढणी नकोत, पिल्लू बसले की आपणही बसायचे. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचा कार्यक्रम. चष्मा लावून तो ते करीत, बाई बॅटरी धरीत.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडाचा बेत ठरत होता. तो त्यांनी आपणहून सोडला. तो भाग अभयारण्यात येतो. तिथे कुत्रे नेऊ नये. यात नुसता नियम पाळायचा भाग नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींना कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. शिवाय बिबट्याच्या मुलखात रात्री कुत्रे घेऊन तंबूत झोपणे म्हणजे त्याला जेवणाचे आमंत्रणच.

बंगळूरचेही तसेच झाले. रेल्वेत कुत्रे बरोबर बसवून न्यायचे, तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे आपल्या नावावर लागतो; नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकटे ठेवायचे. पेटीचे नाव काढताच बाईंनी विषय बंद केला. दिवाळीला मुलगीच आली आणि फटाक्यांच्या रात्री चिंगीला मांडीवर घेऊन बाथरूममध्ये बसून राहिली. तक्रार मागे घेतल्याचे तिने जाहीर केले.

फेब्रुवारीच्या शेवटी, चिंगी दहा महिन्यांची व्हायला आली तेव्हा, तिघे पुन्हा आतकरवाडीला उतरली. पहाट होती. शबनममध्ये या वेळी चिंगीची पाण्याची बाटली आणि ताटली. टपरीशी येताच त्यांनी साखळी आखूड धरली आणि न थांबता पुढे गेले. चहा राहिला. चढणीवर चिंगी दोघांच्याही पुढे. वळणावर थांबून मागे बघायची, दोघे दिसली की पुन्हा निघायची. निम्म्या वाटेवर एक ताकवाली बसली होती. तिथे चिंगी सावलीत पसरली ती उठेना.

जीभ बाहेर, धाप लागलेली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करते. बाईंनी तिला पाणी पाजले. त्यांनी पालथा हात कातळावर ठेवून पाहिला. साडेआठ वाजले होते, दगड तापायला लागला होता. वर दही, पिठले-भाकरी, ओळखीची माणसे. पंचवीस वर्षांत ही वाट त्यांनी कधी अर्ध्यावर सोडली नव्हती.

"तुम्ही जाऊन या वर," बाई म्हणाल्या, "आम्ही बसतो इथे."

त्यांनी वर एकदा पाहिले. मग खाली बसून ताकवालीला म्हणाले, "दोन ग्लास द्या. एकात मीठ कमी."

अर्ध्या तासाने चिंगी उठली, अंग झाडले आणि तिघे उतरायला लागली.