गिरणगावाची गोष्ट मुळशीपासून सांगा

गिरणगावावर लिहिणारे बहुतेक जण ताडदेवपासून सुरुवात करतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, दोन वर्षांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि मग परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. हे सगळं खरं आहे. पण मालेहून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जाताना मला दर वेळी वाटतं, की या इतिहासातला एक मोठा भाग आमच्या खोऱ्यात घडला आणि तो मुंबईच्या गोष्टीत क्वचितच येतो.

आधी भूगोल पाहू. परळ हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळ बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि बेटांमधली दलदल पुढे हळूहळू बुजवत नेली. उंचावरची, वाऱ्याची मलबार हिल श्रीमंतांकडे गेली. सखल, स्वस्त जमीन गिरण्यांच्या आणि चाळींच्या वाट्याला आली. मालाची ने-आण करायला दोन बाजूंना दोन रेल्वे होत्या आणि दमट हवेत सूत कमी तुटायचं. मालकांना सोयीची ठरलेली हीच जागा राहणाऱ्यांना दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं करते. परळजवळच्या हिंदमाताला आजही पाणी तुंबतं ते याच उतारामुळे.

या सखल भागात घाटावरून सातारा-पुण्याची आणि कोकणातून रत्नागिरीची माणसं आली. दहा बाय बाराची एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर माळा, भिंतीला ओळीने टांगलेल्या पत्र्याच्या ट्रंका. गाववाल्यांनी मिळून घेतलेला हा गाळा. पहिल्या पाळीचा माणूस भोंग्याला उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. एका चुलीवर वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या या बायकांची नोंद गिरणीच्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, त्याही एका खोलीच्याच.

याच दशकात आमच्याकडे धरण उभं राहत होतं. गिरण्या आधी कोळशाच्या वाफेवर चालत आणि कोळसा थेट बंगालहून आणावा लागे. १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, मग भिवपुरी झालं, मग मुळशीची पाळी आली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ बांध घालून पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचं, अशी ही योजना होती. भातखाचरं, देवळं, घरं सार्वजनिक हिताच्या नावाखाली घेतली गेली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले, माणसं तुरुंगात गेली. तीन वर्षांहून जास्त चाललेला लढा हरला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र चालू झालं.

मुंबईतल्या गिरण्यांचं हित म्हणजे सार्वजनिक हित, असं तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं. मग त्या गिरण्यांत राबणाऱ्यांना काय मिळालं, हे विचारण्याचा हक्क मुळशीकरांना नक्कीच आहे.

त्यांना जे मिळालं ते भांडून मिळालं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलल्या. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली, त्यात या वस्तीचा वाटा कोणत्याही नेत्यापेक्षा कमी नाही. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या.

उरली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिची वाटणी ठरली होती: तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, तिसरा सार्वजनिक घरांना, तिसरा मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शेडखालची जमीन वाटणीतून निसटली. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. दादरची कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटींना विकली गेली. कामगारांना २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, अर्ज मात्र सुमारे दीड लाख आहेत. आता त्यांना शेलू-वांगणीला जा म्हणतात. परळमध्ये जन्म काढलेल्या माणसाला कर्जतच्या वाटेवर घर दाखवणं हा माझ्या मते दुसरा विस्थापनाचा हुकूम आहे. पहिला आमच्या खोऱ्याला मिळाला होता.

गिरण्या थांबल्या, पण मुळशीचं पाणी अजूनही भिऱ्याला उतरतं आणि वीज मुंबईलाच जाते. ज्या कारणासाठी आमची जमीन गेली ते कारण संपलं. पाणी वळवणं मात्र थांबलं नाही. सरकारने मुळशीचं पाणी कोणासाठी आणि कोणत्या अटींवर वळवायचं, याचा फेरविचार धरणग्रस्तांना समोर बसवून करावा. आणि गिरणी कामगारांची घरं मुंबईतच, गिरण्यांच्या उरलेल्या जमिनीवर बांधावीत.